बँकेच्या खुर्च्या आणि माझी पेन्शन

मी मालक आहे. कशाचा ते विचारू नका, कशाचा नाही ते विचारा! हायवेला टोलवर थांबलात, तर तिथं थोडा मी आहे. घरात बटण दाबलं आणि दिवा लागला, तर त्यात थोडा मी आहे. सिमेंटची गोणी, डोकेदुखीची गोळी, मोबाईलचा टॉवर, सगळीकडं तुमचा हा नागेश थोडाथोडा पसरलेला आहे!

हे मला कळलं बारामतीच्या प्रशिक्षणात. मी इंदापूरला एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक, पुढच्या वर्षी रिटायर. पगारातून दरमहा पेन्शनची रक्कम कापून जाते, पण ती जाते कुठं, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. दिल्लीत कुणीतरी कपाटात ठेवत असेल, असा आपला समज! त्या दिवशी टाय लावलेल्या एका साहेबांनी सांगितलं, की हा फंड तुमचे पैसे ठिकठिकाणी गुंतवतो. "म्हणजे तुम्ही सगळे या देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांचे मालक आहात!" हे वाक्य झालं आणि जेवणाची सुट्टी झाली. जेवणात गुलाबजाम होते. त्यामुळं पुढचं निम्मं प्रशिक्षण माझं झोपेत गेलं.

पण तेवढं एक वाक्य पुरे झालं! आम्ही साखर कारखान्याच्या मुलखातली माणसं. मालकानं काय करायचं असतं, हे आम्हाला टायवाल्यानं शिकवायला नको. सभासद म्हणून वार्षिक सभेत माईक हिसकावायचा, "चेअरमनसाहेब, खुलासा करा!" म्हणून ओरडायचं, जाता-येता उसाच्या वजनकाट्यावर डोकावून यायचं आणि दिवाळीला स्वस्तातली साखर घरी आणायची. माझे वडील हेच करत आले, मीही हेच करत आलो.

घरी आल्या आल्या लेकीला हाक मारली. संस्कृती बारामतीला कॉमर्स करते. "काढ बघू मोबाईलवर, माझे पैसे कुठं कुठं आहेत ते!"

तिनं काढलं. नावंच नावं! आणि त्यात काय दिसावं? आमच्या भिगवणच्या स्टँडसमोरची बँक!

"अगं, ही तर आपलीच निघाली!" मी उडालोच.

"पप्पा, तसं नसतं ते," संस्कृती म्हणाली. "त्यात तुमचा वाटा..."

"तू गप्प बस. तुला सहकारातलं काय कळतंय!"

दुसऱ्या दिवसापासून माझी तपासणी सुरू झाली. इंदापूरची गाडी पकडायच्या आधी बँकेत एक फेरी! रिकामा फिरणारा पंखा बंद कर, पेनची दोरी ओढून बघ, कॅशियर चहाला उठला की घड्याळाकडं बघून खाकर. शाखेच्या मॅनेजर अनिता मॅडम भल्या बाई. एकदा त्यांना केबिनमध्ये जाऊन विचारलं, "मॅडम, दिवाळीला मालकांना साखर कधी?"

मॅडमनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि शिपायाला पाणी आणायला सांगितलं. मला वाटलं, मान दिला.

या फेरीपायी मला कार्यालयात पोचायला रोज उशीर व्हायला लागला. तिकडं डाळजचे आप्पासाहेब माझ्या एका सहीसाठी बाकावर बसून असायचे. पण मालकी म्हटली की थोडं इकडंतिकडं होणारच!

आणि मी काय एकटाच मालक राहतोय? बायकोची, रेश्माची, शिवणकामाची सगळी बचत त्या बँकेत आणली. वरकुट्याला जाऊन सासऱ्यांच्या मागं लागलो. सावळारामतात्यांचे डाळिंबाचे पैसे दुसरीकडं सुखानं पडले होते. "तात्या, आपली बँक असताना दुसऱ्याच्या दारात कशाला?"

"पाव्हणं, तुमचा शब्द हाय म्हणून टाकतो," तात्या म्हणाले. "न्हायतर मला ह्यातलं काय कळत न्हाय."

सासूबाई द्वारकाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "शब्द देणाऱ्याचं काय जातंय?" मी हसण्यावारी नेलं.

मग ती सकाळ उजाडली. मी नेहमीप्रमाणं तपासणीला गेलो, तर बँकेच्या दारात टेम्पो! आणि हमाल बँकेतून खुर्च्या उचलून टेम्पोत टाकतायत! एक खुर्ची, दुसरी खुर्ची, मग ते लांब बाकडं, मग मॅडमची गोल फिरणारी खुर्चीसुद्धा!

तुम्ही म्हणाल, खुर्च्याच तर होत्या. अहो, तुम्हाला काय माहीत! माझ्या लहानपणी आमच्याकडची एक पतसंस्था बुडाली होती. ती कशी बुडाली? आधी खुर्च्या गेल्या. मग पंखे गेले. मग मॅनेजर गेला. पैसे त्याच्याही आधी गेले होते, पण ते कुणाला दिसले नव्हते. खुर्च्या मात्र सगळ्या गावानं बघितल्या होत्या! तेव्हापासून आमच्या भागात संस्थेची तब्येत खुर्च्यांवरून ओळखतात.

मी केबिनमध्ये डोकावलो. मॅडम नाहीत! "पुण्याला गेल्यात," कुणीतरी म्हणालं. संपलं! पुण्याला! माझी आयुष्यभराची पेन्शन या खुर्च्यांबरोबर टेम्पोत चढताना मला डोळ्यांनी दिसत होती. आणि वर रेश्माची बचत, तात्यांचं डाळिंब!

दारात कुशाबाई भेटल्या. या आमच्या भिगवणच्या मासळी बाजारातल्या मोठ्या व्यापारी. पाटी खाली ठेवून म्हणाल्या, "काय सायब, तोंड का उतरलं?"

"काही नाही," मी म्हणालो. "तुमचे पैसे याच बँकेत आहेत का?"

"व्हय. का वो?"

"काही नाही. सहज." आणि मी एक उसासा टाकला.

बस्स! देवाशप्पथ सांगतो, मी एवढंच केलं. एक उसासा! तो जरा लांब झाला असेल, एवढंच.

कार्यालयात गेलो, पण जीव थाऱ्यावर नाही. आप्पासाहेबांचा कागद समोर होता, त्यावर अक्षरं दिसत नव्हती, खुर्च्याच दिसत होत्या. दुपारी तात्यांचा फोन आला.

"पाव्हणं! बँक बुडाली!"

"काय? कुणी सांगितलं?"

"समद्या वरकुट्यात झालंय! एका लई मोठ्या सरकारी सायबानं आतली बातमी फोडलीया! त्यो सायब बँकेच्या दारात ढसाढसा रडत व्हता म्हनं! भोवळ यिऊन पडला, त्येला दवाखान्यात न्हेलाय!"

मी मटकन खाली बसलो. बघा, माझा अंदाज खरा ठरला! एक मोठा सरकारी साहेब रडतोय म्हणजे खोटं कसं असेल? कोण बिचारा असेल तो? त्याचीही पेन्शन अडकली असणार! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याच्यासाठी आणि माझ्यासाठी.

रेश्माला फोन लावला, तिनं उचलला नाही. मी खुर्चीवर टॉवेल टाकला, टेबलावर चष्म्याचं घर उघडं ठेवलं, पंखा चालू ठेवला. म्हणजे साहेब आत्ताच उठून गेलेत असं वाटतं! ही आमची जुनी पद्धत. आप्पासाहेबांना म्हटलं, "बसा, आलोच," आणि स्टँडकडं पळालो.

भिगवणला उतरलो, तर बँकेपासून रस्त्याच्या वळणापर्यंत माणूसच माणूस! मोटरसायकली, जीप, मासळीचे टेम्पो! तात्या तर ट्रॅक्टरच घेऊन आले होते.

"तात्या, ट्रॅक्टर कशाला?"

"पैसं न्हाय दिलं तर तिजोरी ट्रालीत टाकून नेतो!" तात्या गरजले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पाव्हणं, पोराच्या लग्नाचं पैसं हायत वो ते. तुमच्या शब्दावर टाकलं मी."

ट्रॉलीत द्वारकाबाई बसल्या होत्या. नजर माझ्यावरच होती.

मीही रांगेत उभा राहिलो. पुढं कुजबुज चालली होती, कॅश संपत आलीय, शटर ओढणार आहेत, मॅनेजरबाई विमानात बसल्या! मला माझं म्हातारपण दिसायला लागलं. संस्कृतीच्या सासरी मी आणि रेश्मा पिशव्या घेऊन उभे आहोत आणि जावई दार अर्धं उघडून विचारतोय, "किती दिवस राहणार?" अजून जावई ठरायचाय, पण चेहरा मला स्पष्ट दिसला. कपाळाला आठी होती.

एवढ्यात आतून रेश्मा बाहेर आली. केस विस्कटलेले, पिशवी पोटाशी घट्ट धरलेली. "मिळाले, अहो! सगळे मिळाले! केव्हाची उन्हात उभी होते!"

माझ्या जिवात थोडा जीव आला. आणि नेमक्या त्याच वेळी कुशाबाईंची नजर माझ्यावर पडली.

"ह्योच! ह्योच त्यो सायब!"

सगळी रांग वळली. एवढी माणसं एकदम माझ्याकडं बघतायत, हे वार्षिक सभेतसुद्धा कधी झालं नव्हतं.

"कुशाबाई, मी कुठं काय सांगितलं?"

"सांगितलं न्हाय, पर असा उसासा टाकलासा की पाटीतली चिलापी मासळी सुदिक दचकली! मी मासळीच्या लिलावात नुसतं एवढंच म्हनलं, सायब लई दुःखात हायत!"

"आणि ते ढसाढसा रडणं?"

"त्ये डाळजपतूर गेल्यावर झालं आसंल."

म्हणजे तो रडणारा, भोवळ आलेला, दवाखान्यात नेलेला मोठा साहेब मीच! दुपारपासून मी माझ्याच काळजीत होतो! तात्या ट्रॅक्टरवरून सावकाश उतरायला लागले. त्यांच्या हातात पाना होता. तो ट्रॅक्टरसाठी होता की माझ्यासाठी, हे मी थांबून विचारलं नाही. सरळ बँकेत घुसलो.

आत अनिता मॅडम! विमानात बसलेल्या नव्हत्या. पुण्याच्या मिटिंगमधून अर्ध्यातून धावत आल्या होत्या.

"तुम्ही!" त्या म्हणाल्या. "साखरेवाले!"

"मॅडम, खुर्च्या..."

"अहो, नवं फर्निचर येतंय! रंग द्यायचाय! जुन्या खुर्च्या शाळेला दिल्या!" मॅडमचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "बँकेला काही झालेलं नाही. पण गावातले सगळे एकाच दिवशी आले, तर शाखेतली कॅश पुरणार नाही. ती संपली की हे लोक मला जिवंत सोडणार नाहीत. आणि तुम्हालाही."

बाहेर लोक ओरडत होते.

"मी काय करू?"

"भरणा करा. आत्ता. सगळ्यांसमोर. मोठ्यानं."

माझ्याकडं गाडीभाड्यापलीकडं काही नव्हतं. मी दाराकडं पाहिलं. दारात रेश्मा होती आणि तिच्या पोटाशी पिशवी होती.

"नाही!" रेश्मा म्हणाली. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"अगं, नाहीतर तात्यांचे पैसे..."

तिनं एकदा बापाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. असं पाहिलं, की पाना परवडला! पण पिशवी दिली. मी ती डोक्यावर धरली आणि वार्षिक सभेच्या आवाजात ओरडलो, "बघा सगळ्यांनी! मी, नागेश, सकाळी उसासा टाकणारा, आमच्या घरची सगळी पुंजी या बँकेत परत भरतोय!"

कॅशियरनं नोटा मोजल्या. रांग श्वास रोखून बघत होती. शिक्का पडला.

"बायकूचं पैसं परत टाकतोय म्हंजे बँक पक्की हाय," कुशाबाई जोरात म्हणाल्या. "बायकूला भ्यानार न्हाय आसा गडी अजून जलमायचाय!"

लोक हसले. रांग हळूहळू पांगली. तात्यांनी पाना ट्रॅक्टरमध्ये ठेवला, तेव्हा मी त्या दिवसातला पहिला पूर्ण श्वास घेतला.

संध्याकाळी सगळे आमच्या घरी चहाला बसले. रेश्मानं माझा चहा मात्र बिनसाखरेचा आणला. संस्कृतीनं मोबाईलवर बोटं फिरवली आणि म्हणाली, "पप्पा, त्या दिवशी हेच सांगत होते. फंड सगळे पैसे एका जागी ठेवतच नाही. इतक्या ठिकाणी वाटतो, की एक बुडालं तरी तुमची पेन्शन हलत नाही. या बँकेत तुमचे आहेत, थांबा... एका चिलापीच्या थाळीपुरते."

"एक थाळी?"

"जादा भाकरी घेतली तर तीही नाही."

मी एका थाळीसाठी तालुका हलवला होता! लाज वाटली, पण खरं सांगतो, मनावरचं ओझंही उतरलं.

तात्या मात्र विचारात पडले. "मग बाकीचा पैका कुठं हाय गं, बाळा?"

"थोडा वेगवेगळ्या कंपन्यांत. सगळ्यात जास्त सरकारी रोख्यांत, आजोबा. म्हणजे सरकारला वापरायला दिलाय. ते सगळ्यात सुरक्षित."

"सरकारला?" तात्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्याकडं बोट दाखवून संस्कृतीला विचारलं, "सरकार म्हंजे... ह्ये?"

आणि मंडळी, तेव्हा मला खरी भीती वाटली! खुर्चीवरचा टॉवेल आठवला. चष्म्याचं उघडं घर आठवलं. तो पंखा अजून फिरत असणार. आप्पासाहेब बहुधा अजून बसलेले असणार. माझं म्हातारपण ज्यांच्या हातात आहे, त्यातला एक मी होतो!

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी पहिली गाडी पकडून कार्यालय उघडायच्या आधी दारात हजर! शिपाई मला बघून हातातला झाडू टाकून म्हणाला, "साहेब, घरी सगळं ठीक हाय ना?" मी आत गेलो, टॉवेल काढला, आप्पासाहेबांचा कागद वाचला, सही केली आणि वाट बघत बसलो.

आप्पासाहेब आले. दारातूनच त्यांनी मला खुर्चीत बसलेलं पाहिलं आणि जागच्या जागी थबकले.

"चुकलं वाटतं हापिस," असं पुटपुटून ते परत फिरले.