घेवड्याचे चौदा दिवस

घेवड्याच्या रोपाला चार दिवस पाणी घालायचं आणि पट्टीनं उंची मोजून वहीत लिहायची, एवढीच जबाबदारी मी घेतली. (घेतली म्हणजे, बायकोनं दिली आणि मी मान हलवली.)

तिची शाळा नववीत सुटली होती. पंचेचाळिसाव्या वर्षी तिनं प्रौढांच्या दहावीच्या वर्गात नाव घातलं. विज्ञानाचा प्रयोग होता: बी पेरा, चौदा दिवस रोज निरीक्षण नोंदवा. सोमवारी वही दिली नाही, तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. नेमकी दहाव्या दिवशी तिची बहीण जिन्यावरून पडली आणि हिला तिकडे जावं लागलं.

"अहो, विसरणार नाही ना?"

"सव्वीस वर्षं नोंदवह्या लिहितोय मी."

"म्हणूनच विचारतेय."

आमच्या कचेरीत सगळा कारभार एका शब्दावर चालतो: 'वरीलप्रमाणे'. कपाटं किती? वरीलप्रमाणे. खुर्च्या? वरीलप्रमाणे. त्याच सवयीनं मी पहिल्या संध्याकाळीच तिच्या 'अकरा सेंटिमीटर'खाली चारही दिवसांपुढे 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळा झालो. नोंद झाली म्हणजे काम झालं, असं माझ्या हाडीमांसी खिळलेलं. खिडकीकडे पाहायचं कारणच उरलं नाही.

रविवारी ती परतली. रोप कुंडीच्या काठावर मान टाकून पडलं होतं.

"याची उंची अकरा सेंटिमीटर?"

"आडवं मोजलं तर भरेल."

ती हसली नाही. वही मांडीवर घेऊन बसून राहिली. "उद्या द्यायचीय हो," एवढंच म्हणाली. एकदा सुटलेली शाळा माझ्या हातून पुन्हा सुटणार होती.

"मी आकडे घालून देतो," मी म्हणालो. "साडेअकरा, बारा, साडेबारा. कुणाला कळतंय?"

"मला."

तिनं माझ्या चारही ओळींवर काट मारली आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'रोप मेले. कारण: नवरा.'

वर्गाच्या बाई तिच्या लेकीच्या वयाच्या. वही वाचून त्या इतक्या हसल्या म्हणे, की शेजारचा वर्ग दारात आला. वीसपैकी एकोणीस! शेरा: 'निरीक्षण प्रामाणिक. कारण अचूक.'

पुढे ती दहावी पास झाली. निकालाचा कागद माझ्या हातात देत म्हणाली, "एक मार्क तुमच्यामुळे गेला, लक्षात ठेवा."

ठेवलाय. तिला जाऊन आता दोन वर्षं होतील. गेल्या महिन्यात तिच्याच कुंडीत मी घेवडा पेरला. या वेळी हयगय नाही. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, करमलं नाही तर दुपारीही पाणी. रोज पट्टी लावून उंची मोजली.

नवव्या दिवशी रोप कुजलं.

तिची वही काढली. तिच्या शेवटच्या ओळीखाली तारीख घातली, 'रोप मेले' लिहिलं. 'कारण' लिहिताना पेन जरा थबकलं. मग लिहिलं: वरीलप्रमाणे.