एका तांब्याची आंघोळ

भास्करराव एका तांब्यात आंघोळ करीत. तांब्या चारचौघांच्या घरात असतो तेवढाच. आंघोळ मात्र डोक्यापासून टाचेपर्यंत पुरी. शेवटी तळाशी चूळभर पाणी उरे, त्यात पंचाचे टोक भिजवून ते कानामागे फिरवीत आणि तांब्या पालथा घालीत. न्हाणीची फरशी ते गेल्यावरही कोरडीच असे. आमच्या घरमालकीणबाई, म्हणजे दाजीशास्त्र्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही काकू म्हणत असू, त्या म्हणत, "आंघोळ करतात की अंगाला नुसतं पाणी दाखवतात?"

हे दुष्काळी मुलखात चालले असते तर कोणी हसले नसते. पण हे ठाण्यात. अंगणात काठोकाठ भरलेली विहीर, चार पावलांवर तळे, आणि गावात त्याखेरीज तळी किती हे ठाणेकरांनाही न अडखळता सांगता येत नसे.

टेंभी नाक्याजवळ दाजीशास्त्र्यांच्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत भास्करराव राहत आणि शेजारच्या एका खोलीत मी. मी मुरबाडकडचा, आमच्या घराण्यातला पहिला बी.ए., ठाण्याच्या शाळेत नुकताच मास्तर झालेला. लग्न व्हायचे होते. भास्करराव पेन्शनर. विलायतेला जाणाऱ्या आगबोटी कोळसा घ्यायला जेथे थांबतात त्या एडन बंदरात त्यांनी उमेदीची सगळी वर्षे लष्कराला रसद पुरवणाऱ्या कमिसरियटमध्ये कारकुनी केली होती. गाव त्यांना एडनकर म्हणे.

त्यांचे एक वाक्य ठरलेले होते. काकूंनी तुळशीला पाणी घालताना धार बाहेर गेली, माझ्या हातून बादली कलंडली, की मागच्या दारातून शांत आवाज येई, "सांडा, सांडा. समुद्र भरायचा राहिलाय."

पावसाळ्यात तर त्यांना उसंत नसे. पागोळ्यांखाली घरातली सगळी भांडी मांडलेली असत. ती पुरली नाहीत तेव्हा एकदा त्यांनी छत्री उलटी करून ठेवली आणि स्वतः भिजत बाजारात गेले. तांदळाचे धुवण तुळशीला, भाजीचे पाणी पायांवर. माझे तोंड धुणे ते दारात उभे राहून पाहत. तिसरी चूळ भरली की त्यांचा चेहरा असा होई की चौथी मी गिळून टाकी.

एडनच्या गोष्टी ते सांगत, पण कोणाचा विश्वास बसत नसे. काळा खडक, झाड नाही, पाऊस वर्षानुवर्षे नाही. समुद्राचे पाणी यंत्रात उकळून त्याच्या वाफेचे गोडे पाणी करतात आणि तेच मोजून घरोघर पोचवतात, असे त्यांनी सांगितले तेव्हा दाजीशास्त्री पुढे सरकून बसले. मग त्यांनी विचारले की पोचवतात ते कशातून. भास्कररावांनी खरे ते सांगितले: चामड्याच्या पखालीतून.

झाले. नुसते समुद्र ओलांडून आलेले होते तोवर गाव त्यांना सोसत होते. आता यंत्राचे आणि पखालीचे पाणीही पोटात गेलेले निघाले. प्रायश्चित्त घेतल्यावाचून पंक्तीला बसता येणार नाही, असे शास्त्रीबोवांनी सांगितले. भास्कररावांनी हसून मान डोलावली आणि घेतले मात्र नाही. सणासुदीला त्यांचे पान बाहेर ओटीवर मांडले जाई. मी एकदा हळहळलो तर म्हणाले, "बरंच आहे हो मास्तर. पंक्तीत तुम्ही लोक आपोष्णीच्या नावाखाली एवढं पाणी सांडता, मला घास उतरला नसता."

मी भूगोल शिकवतो हे कळल्यावर त्यांनी एकदा विचारले, "ठाण्याच्या खाडीचं पाणी एडनला पोचतं का हो?" मला असल्या प्रश्नाचा आनंद होई. मी शाळेतून नकाशा आणला. खाडी मुंबईच्या बंदराला कशी मिळते, तेथून पुढे अरबी समुद्र, त्याच्या पलीकडच्या काठाला एडन. सगळे पाणी एकच. ते शहाण्या विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. एवढेच विचारले, "ओहोटीला निघालं तर लवकर पोचेल, नाही?" मी म्हटले, तसे म्हणायला हरकत नाही.

बायकोविषयी ते एकदाच बोलले, तेही काटकसरीचा धडा द्यावा तसे. ती मूळची ठाण्याची. लग्नानंतर त्यांच्या मागोमाग आगबोटीत चढली. बोटीवर तिने पहिले तीन दिवस काही खाल्ले नाही, आणि एडनचा किनारा दिसल्यावर विचारले, "झाडं मागच्या बाजूला आहेत का?" तिचे केस गुडघ्याला लागत. "एवढे केस, आणि पाणी दोघांत मिळून एवढंसं. ते केस न्हायचे म्हणजे काय चेष्टा आहे? तेव्हा मी शिकलो एका तांब्यात. माणसाला जमतं हो, मनावर घेतलं की."

ती म्हणे, ठाण्याला गेले की तळ्याच्या पायरीवर बसेन, डोक्यावरून घागरी ओतून घेईन, आणि कोणी ऊठ म्हटले तरी उठणार नाही. पेन्शन होण्याच्या आदल्या उन्हाळ्यात ती तापाने गेली. अस्थी तिथल्याच समुद्रात सोडाव्या लागल्या. "दुसरं होतंच काय तिथं," असे म्हणून त्यांनी तांब्या पालथा घातला आणि विषय संपवला.

भाद्रपद आला. पितृपंधरवड्यातली नवमी म्हणजे अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. तिला तेल-शिकेकाई लावून न्हाऊ घालायचे, ओटी भरायची, पोटभर वाढायचे. ते त्या गेलेल्या बाईला पोचते, अशी आपली समजूत. पंधरवडा लागायच्या आधीच भास्करराव आपण होऊन शास्त्रीबोवांकडे गेले आणि म्हणाले, प्रायश्चित्त घेतो.

त्यांनी का घेतले हे मला ठाऊक होते. ओटीवरच्या माणसाच्या घरी कोणाची बायको जेवायला येणार?

सगळा गाव तळ्यावर लोटला. एडनला गोऱ्या शिपायांसारख्या वाढवलेल्या सोजिरी मिशा गेल्या, पंचगव्य झाले. मग शास्त्रीबोवांनी पाण्यात उतरून स्नान करायला सांगितले. भास्करराव कमरेइतक्या पाण्यात गेले, सवयीने हातात राहिलेला तांब्या बुडवला, एक तांब्या डोक्यावर ओतला, खांदे-पाठ चोळली, आणि झाली आंघोळ म्हणून बाहेर यायला निघाले. काठावर हसण्याचा एवढा गजर झाला की कबुतरे उडाली. मीही हसलो. शास्त्रीबोवांनी ओरडून बुड्या मारायला लावल्या. त्यानंतर पंगत झाली, भास्करराव त्यांच्या मांडीला मांडी लावून जेवले, आणि जिलबी सगळ्यांनी मागून मागून खाल्ली.

अष्टमीला त्यांनी काकूंना सवाष्ण म्हणून बोलावणे केले आणि तेल-शिकेकाई पाठवली. काकूंनी ठेवून घेतली. नवमीला ते उजाडण्यापूर्वी उठले. विहिरीचे पाणी नको म्हणून तळ्यावरून घागरी आणल्या, स्वतः, खेपा घालून. चुलीवर हंडा चढवला. मी म्हटले, एवढे पाणी? ते म्हणाले, "केस न्हायचे म्हणजे लागतं, मास्तर." स्वयंपाकाला एक म्हातारी आचारीण होती, ती विधवा, तिचा या कामी उपयोग नाही. पुरणाचा वास अंगणभर पसरला.

काकू आल्या नाहीत. दाजीशास्त्री आले. तेल-शिकेकाईची वाटी त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवली आणि अडचण समजावून सांगितली. ते रागाने बोलत नव्हते. सबंध आयुष्य लोकांना अडचणी समजावून देणाऱ्या माणसाचा तो आवाज होता.

"तुमचं प्रायश्चित्त झालं, भास्करराव. त्यांचं कुठं झालं? त्या तशाच गेल्या, परमुलखात. त्यांच्या नावानं आमच्या घरातलं माणूस कसं जेवणार?"

"ती माझ्या मागून आली होती," भास्करराव म्हणाले. "तिला कुणी विचारलं होतं?"

शास्त्रीबोवा म्हणाले की ते खरे आहे, पण शास्त्राला त्याचे काय. मग वाईट वाटल्यासारखे थोडे थांबून ते जेवायला गेले. मी शेजारच्या दोन घरी जाऊन हात जोडले. एकीकडे सोयर निघाले. दुसरीकडच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आले, पण सासूबाई दारातच उभ्या होत्या. मिटक्या मारीत जिलबी खाऊन गेलेल्या त्या गावात त्या दिवशी एकही सवाष्ण मोकळी नव्हती.

दुपार कलली. हंड्यातले पाणी निवून गेले. वाढलेले पान तसेच होते. भास्करराव बराच वेळ हंड्याजवळ बसले होते. मग त्यांनी मला विचारले, "ओहोटी केव्हा लागते आज?" मी सांगितले.

त्यांनी शिकेकाईची वाटी हंड्यात रिकामी केली, वर तेल सोडले, आणि पाणी दोन घागरींत भरले. एक त्यांनी खांद्यावर घेतली, एक मी. सोबत ते पान एका फडक्यात बांधले. खाडीवर कोळणी जाळी वाळवत होत्या. त्यांतल्या एकीने आम्हांला पाहून काही न विचारता जाळे ओढून वाट करून दिली.

ते गुडघाभर चिखलात उतरले. आधी पान सोडले. मग घागर डोक्याच्याही वर उचलली आणि सावकाश, अगदी सावकाश, कोणाच्या तरी डोक्यावर ओतावी तशी धार धरली. शिकेकाईचा तांबूस पट्टा खाऱ्या पाण्यावर उमटला, लांबला, आणि ओहोटीबरोबर मुंबईच्या दिशेने निघाला. शेवटचा थेंब पडेपर्यंत त्यांनी घागर खाली घेतली नाही.

माझी घागर तशीच खांद्यावर होती. इतके दिवस त्यांच्या शेजारी राहून माझा हात चालेना. त्यांनी मागे वळून पाहिले.

"सांडा, मास्तर," ते म्हणाले.