मूळ गाणं आणि त्याच्या सात नकला

रेडिओवर चुकीचं गाणं लागणं, रेकॉर्ड अडकणं, बातम्यांच्या मध्येच कुणीतरी शिंकणं, हे सगळं इतरांच्या ड्यूटीत होतं. माझ्या नाही! छत्तीस वर्षं मी आमच्या केंद्रावर रेकॉर्डी वाजवतोय आणि माझ्या नावावर एकही बिघाड नाही. तीन महिन्यांनी निवृत्त होणार. निरोपाच्या भाषणात साहेबांनी नेमकं हेच म्हणावं, अशी मी त्यांच्याशी आधीच बोलणी करून ठेवली होती.

म्हणूनच 'जिन्यावर पावलं' या गाण्याचा इतिहास सांगणारा थेट कार्यक्रम त्यांनी माझ्यावर सोपवला. हे गाणं पहिल्यांदा हवेत सोडलं तेच मुळी मी, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात. कुठल्याशा हौशी रॉक अँड रोल बँडची छोटीशी रेकॉर्ड. पाकिटावर बँडचं नाव होतं, गायिकेचं नव्हतं. पण काय तो आवाज! धापा टाकत जिना चढून आल्यासारखा. 'पावलं वाजली, दार उघडा!' असल्या संगीताला नाक मुरडणाऱ्या माझ्या आत्याबाईसुद्धा लाटण्याने ताल धरू लागल्या.

पुढे सात जणांनी ते पुन्हा गायलं, सगळ्यांनी आमच्या रेडिओवरून टेप करून. पहिलीचा तो सूर गाठता गाठता घसा बसला, तो बसलाच. एका गिटारवाल्याला मूळ गिटारचा चिवचिवाट काही केल्या साधेना, तेव्हा त्याने खास बुटकी गिटार करवून घेतली. दोन वर्षं त्यात गेली बिचाऱ्याची! नंतर एका साबणाने ते जाहिरातीत घेतलं, आणि आमच्या दातांच्या डॉक्टरकडे ते अजून बासरीवर वाजतं. तिथे ते ऐकून कुणी नाचत नाही एवढंच.

कार्यक्रम अकराला. साडेदहाला रेकॉर्डींच्या कपाटाचं कुलूप अडकलं. मूळ रेकॉर्ड आत! कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्यांना फोन केला. ते आले. सत्तरीकडे झुकलेले, मितभाषी, आणि आवाज असा की विहिरीतून यावा. दोन मिनिटांत त्यांनी कपाट उघडलं, समोरची रेकॉर्ड पाहिली आणि तसेच उभे राहिले.

"हे माझं गाणं आहे," ते म्हणाले.

"आवडतं होय?"

"मी गायलेलं."

कार्यक्रमासाठी आलेले समीक्षक इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. "अहो, हा बाईचा आवाज आहे!"

"सगळे हेच म्हणतात," कुलूपवाले म्हणाले. "धाकटा भाऊ गेला, त्या वर्षी केलं होतं. आमच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. कामावरून आला की जिन्यावर त्याची पावलं वाजायची, मी दार उघडायचो. तुमच्या केंद्राला मी दोन पत्रं लिहिली, गाणं फार घाईत वाजतंय म्हणून. उत्तर आलं, 'केंद्रावर सर्व गाणी वेळेत वाजवली जातात.'"

ते वाक्य माझं होतं. त्या काळी मला ते फार आवडायचं.

"माझ्याकडची रेकॉर्ड उन्हात वाकडी झाली. त्यामुळे दाखवायला काही नाही. गल्लीतले हसतात, त्याचं काही वाटत नाही. पण बायकोलाही पटत नाही हो. तीस वर्षांचा संसार! माझ्या बाकी सगळ्या बोलण्यावर विश्वास ठेवते, हे एक सोडून. तिला वाटतं, भावाच्या दुःखात मी हे मनानेच रचलंय."

मग त्यांनी विचारलं, स्टुडिओच्या काचेच्या अलीकडे माझ्या शेजारी बसून ऐकलं तर चालेल का. मी खुर्ची दिली. खोटं बोलणाऱ्या माणसालासुद्धा खुर्ची द्यायला काय हरकत आहे, असं माझ्या मनात आलं. हो, असंच आलं!

लाल दिवा लागला. काचेपलीकडे समीक्षक रंगात आले. "या गाण्याचा वेग हाच त्याचा आत्मा! ती अनामिक गायिका आज आपल्यात नसावी…" कुलूपवाले मांडीवर हात ठेवून ऐकत होते.

मी ओल्या फडक्याने रेकॉर्ड पुसली. तिच्यावर चिकटवलेला आमचा नंबराचा कागद फडक्याबरोबर निघून आला. तोही मीच चिकटवलेला, पहिल्याच आठवड्यात, मोठ्या हौसेने. खाली छापलेलं होतं: ३३.

आता बघा, लहान रेकॉर्ड मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेते आणि मोठी तेहतीस, हे आम्हाला झोपेतही ठाऊक. पण ही लहान असून तेहतिसाची होती! छत्तीस वर्षं मी एका माणसाला जवळजवळ दीडपट घाईने पळवत होतो. पळून पळून त्याची बाई झाली होती.

"तर ऐकूया, मूळ गाणं!" समीक्षकांनी हात वर केला.

बटण पंचेचाळीसवरच होतं. तसंच ठेवलं असतं तर कुणाला कळलं असतं? कागद परत चिकटवला असता, भाषण झालं असतं, मी घरी गेलो असतो. शेजारी पाहिलं. कुलूपवाल्यांनी डोळे मिटून घेतले होते, दाढ काढून घ्यायला बसल्यासारखे.

मी बटण तेहतिसावर फिरवलं.

ड्रम सावकाश वाजू लागले, एकेक पायरी चढल्यासारखे. गिटारचा चिवचिवाट गेला, ती हुंदक्यासारखी वाजली. आणि मग तो विहिरीतला आवाज आला: 'पावलं वाजली… दार उघडा…' कुणी धावत येत नव्हतं. कुणी येणारच नव्हतं. माझ्या शेजारचा म्हातारा त्याच आवाजात, त्याच सुरात पुढची ओळ म्हणू लागला. समीक्षकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं, आणि मला रडू आलं. लपवत नाही.

तेवढ्यात फोन सुरू झाले. "तुमचं मशीन मंदावलंय!" "रेकॉर्ड ओढतेय, कुणी झोपलंय का तिथे?" साहेब धावत आले. "बिघाड झालाय! आधी दिलगिरी व्यक्त करा!"

गाणं संपल्यावर मी आत गेलो, समीक्षकांच्या पुढ्यातला माइक ओढला आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा हवेत बोललो.

"श्रोतेहो, तांत्रिक बिघाड झाला होता. तो आज नाही, छत्तीस वर्षांपूर्वी झाला. ही रेकॉर्ड मी तेव्हापासून चुकीच्या वेगाने वाजवतोय. आत्ता ऐकलात तो मूळ आवाज. गायक इथेच बसलेत, तुमच्यापैकी पुष्कळांची कुलपं त्यांनी उघडली असतील. त्यांची मी मनापासून क्षमा मागतो."

बाहेर आलो तर साहेब भिंतीला टेकून उभे होते. फोन पुन्हा वाजला. बाईंचा आवाज, घाबराघुबरा. "आमचे हे आहेत का तिथे?"

मी फोन कुलूपवाल्यांना दिला. ते बराच वेळ ऐकत होते. मधूनच नुसतं "हं" म्हणत होते. मग बाहीने डोळे पुसून त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" मी भीत भीत विचारलं.

"म्हणाली, आवाज तुमचाच. चुकले मी."

"आणि?"

त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली. "म्हणाली, पण गाणं त्या बाईनंच जास्त चांगलं म्हटलंय."

ती बाई म्हणजे बरेचसे ते आणि थोडासा मी, पण हे सांगायला त्या माउलीला पुन्हा फोन करायचा माझा काही धीर झाला नाही!