बकुळच्या प्रश्नांवर चालणारी बस

आमची बस उत्तर न मिळालेल्या प्रश्नांवर चालते, म्हणून चालत्या गाडीत कुणी कुणाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, असा आमच्या घरात नियम आहे. जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल विचार, फक्त या नियमाबद्दल विचारू नकोस, असं मला लहानपणापासून सांगण्यात आलं. बारा वर्षांची असताना मी एकदा विचारलं. गाडी एवढ्या जोरात सुटली की मांडणीवरची सगळी भांडी खाली आली आणि बाबांना गाडी थेट उसाच्या फडात घालावी लागली. तेव्हापासून तो प्रश्न धोकादायक मानला जातो.

आम्ही जगदाळे, मूळचे कराडचे. घर म्हणजे ही बस. बाबांनी फ्लॅट विकून एका शाळेची मोडीत निघालेली बस घेतली आणि त्याच आठवड्यात मला शाळेतून काढलं. आतल्या सीटा काढून चार बर्थ, गॅसचा ओटा आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या केल्या, टपावर पाण्याची टाकी बसवली. बाबा गाडी चालवतात. आई पूर्वी शाळेत शिकवायची, आता बसमध्ये शिकवते. धडा अर्ध्यावर सोडण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. आप्पा, म्हणजे माझे आजोबा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. प्रश्न नुसता कानावर पडला की तो कुठवर जाईल हे ते सांगतात.

सगळे प्रश्न सारखे नसतात. ‘अजून किती लांब आहे?’ हा भरभर जळतो आणि धूर फार करतो. ‘समुद्र खारट का?’ यावर सपाट रस्त्याला एखादा तालुका निघतो. घाटाला मात्र विचारणाऱ्याचा स्वतःबद्दलचा प्रश्न लागतो. हत्ती, तारे, ज्वालामुखी यांच्यावर चढ चढत नाही.

मी कॉलेजला जाईपर्यंत गाडी माझ्यावर चालली. आईने मला सातव्या वर्षी वाचायला शिकवलं होतं, आणि ती चूक झाली असं घरात सगळ्यांचं मत आहे. मी पाट्या वाचायला लागले आणि ॲव्हरेज निम्म्यावर आलं. पुढे मी कोल्हापूरला हॉस्टेलवर राहून भौतिकशास्त्र शिकले. तिथल्या लोकांना एक खोड होती, विचारलं की सांगायचे. पदवी घेऊन परत आले तेव्हा आप्पांनी मला पुढच्या सीटवर बसवून तीन-चार प्रश्न विचारायला लावले. इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

“हिच्यात आता काही राहिलं नाही,” आप्पा म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

तेव्हापासून मी सामानात जमा आहे. मी कॉलेजला गेल्यापासून गाडी माझ्या धाकट्या बहिणीवर चालते.

बकुळ दहा वर्षांची आहे. तिला वाचता येत नाही. माझ्या वेळची चूक पुन्हा करायची नाही असं तिघांनी ठरवलं होतं, आणि मोठ्यांनी ठरवलं की ते पार पाडतात. बकुळ खिडकीशी बसते आणि रस्ताभर विचारते.

“आई, त्या पाटीवर काय लिहिलंय?”

“मोठी झालीस की कळेल.”

“आणि त्या?”

“मोठी झालीस की कळेल.”

आई हे अगदी मायेने म्हणते, आणि दर वेळी गाडी थोडी उचल खाते. जिथे हॉटेलं आणि मंगल कार्यालयं दाट तिथे आमचा प्रवास छान होतो. नेत्यांच्या वाढदिवसाचे फलक लागले की बाबांना ब्रेकवर पाय ठेवावा लागतो.

जिथे मुक्काम पडेल तिथे आईबाप मंडळी बस बघायला येतात. “किती प्रश्न विचारते हो मुलगी! आमच्याकडे नुसतं पाठांतर.” बाबा नम्रपणे म्हणतात, “आम्ही तिचं कुतूहल मारत नाही.” लोक माना डोलावतात आणि गाडीबरोबर फोटो काढतात.

या खेपेला आम्ही कोकणातून कराडकडे निघालो होतो. वाटेत तपासणी नाक्यावर गाडी अडवली.

“इंधन?” साहेबांनी विचारलं.

“मुलीचे प्रश्न,” बाबा म्हणाले.

“मुलगी कुणाची?”

“आमचीच, साहेब.”

“प्रश्न तिचे स्वतःचे, का शिकवलेले?”

“स्वतःचे. शिकवलेले आम्ही वापरत नाही, इंजिन खराब होतं.”

साहेबांना हे पटलं. ते पायरी चढून आत आले. “वाचता येतं का तिला? येत असेल तर आम्ही भेसळ धरतो. वरून प्रश्न दिसतो, पण आतल्या आत उत्तर मिळालेलं असतं. चिकार सापडतात अशा गाड्या.”

“येत नाही. बघा ना तुम्हीच.”

साहेबांनी छातीवरची नावाची पट्टी बकुळच्या डोळ्यांसमोर धरली. “बाळ, काय दिसतंय यावर?”

बकुळने नीट बघितलं. “मुंग्या,” ती म्हणाली. “पांढऱ्या.”

“शुद्ध आहे,” साहेब म्हणाले.

आई कौतुकाने हसली. मला राहवलं नाही. “साहेब, ती दहा वर्षांची आहे.”

“हो का?” साहेब बाबांकडे वळून म्हणाले, “मग अजून सात-आठ वर्षं तुम्हाला बघायला नको.”

नाका मागे पडल्यावर मी बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. “मी बकुळला वाचायला शिकवणार आहे.”

“शिकव की. गाडी विकल्यावर.”

“गाडी कधी विकणार?”

“हे तू कशाला विचारतेस? वाया जातं. बकुळला विचारायला सांग.”

मागून आप्पा हसले. “बरोबर बोललास. हिचा प्रश्न म्हणजे कुलूप तेवढं, पेटीत काही नाही.”

“आप्पा, मला पदवी आहे.”

“तेच म्हणतोय मी.”

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला, पोफळीत, आम्ही चहाला थांबलो. शाळा नुकतीच सुटली होती. गणवेशातल्या दोन मुली बसपाशी येऊन बकुळशी बोलायला लागल्या. मी टपरीवरून बघत होते.

“तू शाळेत नाय जात?” एकीने विचारलं.

“आमची शाळा गाडीतच आहे.”

“मजा आहे बाय तुझी! नाव काय तुझं?”

“बकुळ.”

बसच्या मागच्या काचेवर धुळीचा जाड थर होता. त्या मुलीने बोटाने त्यावर तीन अक्षरं काढली. “ही बघ तू!” ती म्हणाली. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि दोघी पळाल्या.

बकुळ काचेसमोर उभी राहिली. एका बाजूने बघितलं, मग दुसऱ्या. मग आपला चेहरा चाचपला. बाबांनी हॉर्न दिला तेव्हा ती आत येऊन मागच्या बर्थवर चढली आणि तीच अक्षरं आतून, उलटी, बघत बसली. गाडी निघाली. पहिल्या वळणाला तिने विचारलं,

“ताई, मी अशी दिसते?”

मी तोंड उघडलं. आप्पा ताडकन उठून बसले.

“ए, कुणी बोलू नका! घाटाचा माल आहे हा.”

“मोठी झालीस की कळेल,” आई घाईघाईने म्हणाली.

कुंभार्ली घाट आमची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढताना मी पहिल्यांदाच बघत होते. आम्ही सिमेंटचे दोन ट्रक मागे टाकले. बाबा शीळ घालायला लागले. बकुळ पुनःपुन्हा तेच विचारत होती. माझे हात असे वाकडे आहेत? माझ्या डोक्यावर ही आडवी काठी कशाला आहे? प्रत्येक वळणाला इंजिनाचा आवाज जास्तच गोड येत होता.

“असला प्रश्न मी उभ्या जन्मात ऐकला नाही,” आप्पा म्हणाले. “याच्यावर सोलापूर होईल. मग हैदराबाद. काच पुसू नका रे कुणी. ती धूळ तशीच राहू दे. वर्षभर पुरेल.”

“पावसाची सोय करायला हवी,” बाबा म्हणाले.

“बाहेरून प्लॅस्टिक लावू,” आई म्हणाली. “पारदर्शक. तिला दिसत राहील.”

मी बाबांच्या मागे जाऊन उभी राहिले. “बाबा, गाडी बाजूला घ्या.”

“मळमळतंय वाटतं.”

“हो.”

पुढच्या वळणावर रुंद जागा होती. बाबांनी गाडी तिथे घेतली आणि हँडब्रेक ओढला. मी खाली उतरले, कठड्याजवळचे चार मोठे दगड आणले आणि मागच्या चाकांना टेकवून पक्के बसवले. चढावर इंजिन बंद पडणार असेल तर हे आधी करायचं असतं. मग मी हाक मारली. “बकुळ, खाली ये.”

दगड बघून बाबांच्या लक्षात आलं. ते धावत मागे आले. त्यांच्या पाठोपाठ आई आली. आप्पांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“उल्का, गाडीत बस,” बाबा म्हणाले.

“बसते. हिला एक सांगायचंय.”

“चालत्या गाडीत उत्तर द्यायचं नाही.”

“गाडी उभी आहे.”

“इंजिन चालू आहे,” आप्पा वरून म्हणाले. “इंजिन चालू म्हणजे गाडी चालू. एसटीत हाच हिशोब होता.”

“आम्ही तर गाडीत पण नाही, आप्पा. रस्त्यावर आहोत.”

आप्पा विचारात पडले. आईने माझा दंड धरला. “अगं, वरपर्यंत जाऊ दे. वर पोचलो की मी स्वतः सांगते तिला. आईवर विश्वास नाही तुझा?”

“आजी कधी परत येणार, हे मी तुला तीन वर्षं विचारत होते. तेव्हाही वर पोचल्यावर सांगणार होतीस.”

“त्याच्यावर आपण अमरावती बघितली,” आप्पा म्हणाले. “नागपूर बघितलं.”

“ती येणार नव्हती. तुम्हाला माहीत होतं.”

“माहीत होतं म्हणूनच सांगितलं नाही ना,” बाबा म्हणाले. “सांगितलं असतं तर अकोल्यात अडकलो असतो. तुझ्यासाठीच केलं सगळं. नागपूर कुणाला दाखवलं?”

“मी नागपूरभर रस्त्यावरच्या बायकांचे चेहरे बघत होते, बाबा. नागपूर मला आठवत नाही.”

आईने माझा दंड सोडला. बकुळ काचेपाशी उभी होती, आणि टाचा उंचावून, काचेला न टेकवता, अक्षरांजवळ बोट नेत होती. मी तिचं बोट हातात घेतलं.

“ही तू कशी दिसतेस ते नाही. तुला हाक मारतात तेव्हा जो आवाज येतो ना, तो आहे हा. हा ब. हा कु. हा ळ.”

“ब,” बकुळ म्हणाली. “कु. ळ.” मग एकदम वळून, “बकुळ! हे बकुळ आहे!”

“हो.”

“म्हणजे मी इथे नसले तरी हे मीच?”

“हो. पुसेपर्यंत.”

इंजिन बंद पडलं. बस बोटभर मागे आली आणि दगडांवर टेकली. घाटात एकदम शांत झालं, आणि खालून येणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकू यायला लागला. तो जवळून गेला तेव्हा बकुळ ओरडली, “त्याच्यावर पण ब होता! ताई, बघितलास? त्याच्याकडे पण ब आहे!”

ती कठड्याच्या कडेने पुढे पळाली.

“झालं समाधान?” बाबा म्हणाले. “आता काय, घाटात राहायचं? तुझ्यात काही उरलं नाही, तिचं तू संपवलंस. घर न्यायचं कशावर? अक्कल आहे का तुला?”

हे चारही प्रश्न इंजिनाने ऐकले आणि सोडून दिले. त्यातलं काहीही बाबांना जाणून घ्यायचं नव्हतं.

“तिचं संपलेलं नाही,” मी म्हणाले. “ती उद्या आजच्या दुप्पट विचारील. पण त्यातलं काही गाडीला मिळणार नाही. ती जे विचारील ते मी तिथल्या तिथे सांगणार.”

“आणि तुला येत नसलं तर?” आप्पांनी आशेने विचारलं.

“शोधून सांगीन. तोवर गाडी चालली तर चालू दे. पण मुद्दाम काही लपवून ठेवायचं, त्याला माझी ना आहे. मोठी झालीस की कळेल, हे या गाडीत तिला पुन्हा कुणी म्हणणार नाही.”

“घरातल्या मोठ्यांना तू हे सांगतेस?” आई म्हणाली.

“सांगते. आणि गाडी पुढे न्यायची असेल तर तुम्ही तिघं आहात. तुम्ही विचारा. तुम्हाला खरोखर न कळलेलं असं काहीतरी. एक पुरे. घाटाचं आहे, तेव्हा स्वतःबद्दलचं हवं.”

बाबांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी घसा खाकरला आणि खिडकीतून डोकं आत घेतलं. आई बसच्या पायरीवर जाऊन बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. सिमेंटचे दोन्ही ट्रक एकामागून एक आम्हाला ओलांडून वर गेले.

“ताई,” वळणावरून बकुळने हाक मारली. ती एका पिवळ्या पाटीखाली मान वर करून उभी होती. “यावर काय लिहिलंय?”

“वाहने सावकाश हाका,” मी सांगितलं.

बस दगडांवर तशीच टेकून होती.