मिसेस व्हिटकोमचा जेंटलमन

शेजारणीचं मन राखावं म्हणून अवधूतने दोन किडे सांभाळायला घेतले, इथपर्यंत सगळं ठीक होतं.

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या घरात त्याचं ऑफिस जिन्याखाली, व्हॅक्यूम क्लीनरच्या शेजारी होतं. (मीटिंगमध्ये ओरडून बोलताना मान जरा जोरात डोलावली की टाळू पायरीला लागे.) मागे एक खोली काढावी, ही त्याची एकुलती एक महत्त्वाकांक्षा. पण शेजारच्या मिसेस व्हिटकोमनी कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे, हरकत नोंदवली होती. बहिणीकडे कॉर्नवॉलला जाताना त्याच बाईंनी आफ्रिकन एम्परर मॉथचे दोन कोष पुढे केले आणि म्हणाल्या, "आल्यावर तुमच्या खोलीचं बोलू." मग काय, अवधूतने हत्तीसुद्धा ठेवून घेतला असता. बाईंच्या सांगण्यावरून मादीचा जाळीचा पिंजरा किचनमध्ये गेला, नराचा बागेतल्या शेडमध्ये.

दोन्ही कोष एकाच दिवशी फुटले. तळहाताएवढे पतंग, पंखांवर वटारलेले डोळे! नागपूरहून आलेल्या सासूबाईंनी लगेच मादीपुढे शिकरण ठेवलं.

"आई, ह्यांना खायला तोंडच नसतं," अवधूतने वाचून सांगितलं. "अळी असताना पाला खाऊन घेतात. त्यावर आठवडाभर जगायचं, अंडी घालायची, संपलं."

"अगंबाई, पाहुणी आणि उपाशी?" सासूबाईंच्या जिवाला घोर लागला.

अवधूतने बाईंना आनंदाची बातमी कळवली. उत्तर आलं, "लव्हली! शी विल कॉल धिस इव्हनिंग. देन प्लीज लेट द जेंटलमन इन."

"कोण जेंटलमन?" त्याच्या बायकोने, निवेदिताने, विचारलं.

"कौन्सिलचा माणूस, दुसरा कोण! तिथली कोणी बाई आधी फोन करणार, मग तो जागा बघायला येणार."

"मिसेस व्हिटकोमना एकदा विचारून घे ना."

"छे! असं विचारलं की आपण अडाणी वाटतो."

सासूबाईंनी पोहे भिजवले. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही घरच्यांनीच पोहे संपवले. तिसऱ्या संध्याकाळी बेल वाजली. दारात टाय लावलेला, हातात टॅब्लेट घेतलेला गृहस्थ उभा होता.

"गुड इव्हनिंग, इट्स अबाउट युअर हाउस..."

अवधूतने त्याचं वाक्य पुरं होऊच दिलं नाही. आत ओढलं, पोहे दिले, आणि खोलीची निकड पटावी म्हणून स्वतःच्या घराची यथेच्छ बदनामी केली. "इथे माणूस राहूच शकत नाही," असं तो तीनदा म्हणाला. पाहुण्याने हळहळून सगळं टिपून घेतलं, मापं घेतली आणि टॅब्लेटवर सही घेतली.

"कौन्सिलची माणसं किती मायाळू हो, जावईबापू!" सासूबाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी सकाळी अंगणात पाटी उभी राहिली: फॉर सेल. तिच्याखाली त्या मायाळू माणसाच्या घरं विकणाऱ्या एजन्सीचा नंबर होता. अवधूत ती उपटायला धावला, तेवढ्यात मिसेस व्हिटकोमची टॅक्सी थांबली. त्या तडक शेडमध्ये गेल्या. नर पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडला होता.

"तिने कॉल नाही केला?"

"नाही मॅडम. फोन मी हातातून खाली ठेवला नव्हता."

बाईंनी समजावलं की मादी हवेत वास सोडते, त्यालाच कॉल म्हणतात. त्या वासाने नर मैलभरावरूनसुद्धा येतो. जेंटलमन म्हणजे तोच. अवधूतला खरंच वाईट वाटलं. दहा पावलांवरची बायको त्या बिचाऱ्याला चार-पाच दिवस भेटली नव्हती, आणि त्याचे पोहे भलताच माणूस खाऊन गेला होता.

"सॉरी मॅडम," तो पुटपुटला. "आता खोलीचं तर राहूच द्या."

बाईंचं लक्ष मात्र पाटीकडे होतं.

"तुम्ही घर विकताय?" त्यांचा चेहरा उजळला. "मग मी आजच हरकत मागे घेते. नव्या लोकांना खुशाल बांधू दे. खोलीचं मला काहीच नव्हतं हो. त्या खोलीत बसून तुम्ही मीटिंगमध्ये ओरडाल, एवढीच धास्ती होती!"