देवरेसरांचा समुद्र

आमच्या ऑफिसातले देवरेसर ओहोटी लागल्याशिवाय जेवत नाहीत. ऑफिस नाशिकला, कॉलेज रोडवर. खाली ज्यूसवाला, वर आम्ही. समुद्र पार घाटाखाली. पण सरांच्या टेबलावर भरती-ओहोटीचं वेळापत्रक चिकटवलेलं असतं आणि "पाणी चढतंय, आत्ता नको," म्हणून ते डबा बाजूला सारतात. ही वेळ रोज पुढे सरकते, त्यामुळे सरांचं जेवणही सरकतं. कधी अकराला पोळी-भाजी, तर कधी चारला. महिन्यातून एखाद-दोनदा आमच्या वेळा जुळतात, तेव्हा आम्ही त्यांना पापड वाढतो.

मी ओझरची. कारखान्याचा भोंगा वाजला की डबा उघडायचा, हे लहानपणापासूनचं वळण. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हटलं, "सर, पित्त होईल हो अशानं."

"होऊ दे. समुद्र काय तुझ्या भोंग्यावर चालतो?"

काम आमचं लाटांचंच. किनाऱ्यावर कुणाला धक्का, बंधारा किंवा भिंत बांधायची असली की आधी कॉम्प्युटरमध्ये तो समुद्र उभा करायचा, त्यात वादळ सोडायचं आणि काय होतं ते बघायचं. त्यासाठी दोन प्रोग्रॅम लागतात. एकाला लाटा कळतात, दुसऱ्याला भरती आणि प्रवाह. दोघांना शेजारी चालवायचं. दर थोड्या वेळानं पहिल्यानं दुसऱ्याला सांगायचं की मी पाणी इतकं ढकललं, आणि दुसऱ्यानं पहिल्याला, की माझी पातळी आता इतकी झाली. सर त्यांना नवरा-बायको म्हणतात. नवीन मुलं घाईघाईनं एकटा लाटांचा प्रोग्रॅम चालवून निकाल आणतात, तेव्हा सर चष्मा कपाळावर चढवतात. सर मूळचे सटाण्याकडचे. चिडले की अहिराणी बाहेर पडते. "हाई काय शे? नवऱ्यालाच विचारून आलास का? बाई काय म्हणते?"

एवढं करून हा माणूस समुद्रावर कधी गेला नाही. साइट व्हिजिटला आम्हाला पाठवतात. "तिथं जाऊन काय करू? लाट इथं जास्त नीट दिसते." मी त्यांना विक्षिप्त समजून सोडून दिलं होतं. विक्षिप्त आहेतच.

मग एकदा काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, माझ्याशी बोलता बोलता रडल्या. टेबलावरचं ते वेळापत्रक एकाच गावाचं आहे, कोळ्यांच्या एका लहान गावाचं. त्यांची मुलगी छाया तिथे राहते. कॉलेजात असताना त्या गावचा मुलगा तिला आवडला, तिनं लग्न केलं, आणि सर लग्नाला गेले नाहीत. तेव्हापासून एक शब्द नाही. काकू वर्षातून दोनदा जाऊन येतात. सर त्यांना स्टँडवर सोडतात, खिडकीची जागा मिळवून देतात, पाण्याची बाटली देतात, आणि निरोप काही देत नाहीत. छायाचं घर अगदी किनाऱ्याला. भरतीत पाणी अंगणापाशी येतं, हे काकू एकदा बोलून गेल्या. जेवणाचं खूळ त्यानंतरचं.

मला राग आला, खरं सांगते. एवढा जीव टांगणीला लागतो तर फोन करा ना! मी तसं बोललेही. सर म्हणाले, "वैशाली, तू वाऱ्याची फाइल बघ." विषय संपला.

आणि यंदा त्याच गावाचं काम आमच्याकडे आलं. घरांसमोर दगडी बांध घालायचा होता. आमच्या साहेबांनी हळूच विचारलं, "देवरे, हे वैशालीला देऊ का? तुम्हाला अवघड जाईल."

"मीच करणार," सर म्हणाले. त्यांचा आवाज असा होता की साहेब केबिनमध्ये निघून गेले.

त्या आठवड्यात सर कुणावर ओरडले नाहीत. उपग्रहाच्या फोटोत निळ्या ताडपत्रीच्या पडवीचं एक घर होतं. त्याच्या आसपास त्यांनी मॉडेलची जाळी, म्हणजे हिशेबाचे चौकोन, इतकी बारीक केली की कॉम्प्युटर कण्हायला लागला. एकट्या लाटांचा निकाल छान आला. बांध घातला की घरांसमोरची लाट अगदी बसत होती. साहेब म्हणाले, रिपोर्ट पाठवून टाका. सरांनी 'नाही' म्हणून मान हलवली आणि दोन्ही प्रोग्रॅम शेजारी जोडायला घेतले.

दुपारी निकाल आला, तेव्हा मी त्यांच्या मागेच उभी होते. पडद्यावर भरती चढली, निळा रंग बांधावरून सरळ आत शिरला, आणि बघता बघता सगळी वस्ती निळी झाली. ताडपत्रीच्या घरात माणूस बुडेल एवढं पाणी. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता चष्मा कपाळावर जाईल. त्याऐवजी त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि नंबर दाबला. शोधावा लागला नाही, पाठ होता.

"छाया! बाहेर निघ पोरी, घरमा पानी ई ऱ्हायनं!"

ऑफिसात सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. अहो, ते मॉडेल होतं! त्यातलं वादळ आम्हीच सोडलं होतं. हे सरांनी आम्हाला शिकवलेलं, आणि आज त्यांनाच सुचत नव्हतं.

तेवढ्यात मला चूक दिसली. भरतीची उंची मोजतात ती सगळ्यात खालच्या ओहोटीपासून, आणि जमिनीची उंची समुद्राच्या सरासरी पातळीपासून. दोन्ही मोजमापांची शून्यं वेगळी. एक वजाबाकी करावी लागते, आणि ती सर विसरले होते. म्हणून समुद्र माणसाच्या उंचीनं वर चढून बसला होता. दुसऱ्या दिवशी ती दुरुस्ती केल्यावर पाणी बांधाच्या अलीकडे आलंच नाही. पण त्या क्षणी मी "सर" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

कारण पलीकडून कुणीतरी बोलत होतं. सरांचा फोन जुना, आवाज सगळ्या खोलीला ऐकू येतो.

"नाना? नाना, तुम्ही?" मग नाक ओढल्याचा आवाज. "कोठे शे पानी, नाना? आंगनमा बोंबील वाळी ऱ्हायनात."

सरांनी पडद्याकडे पाहिलं. आकडे वाचले. त्यांच्याइतकं ते कुणाला वाचता येतं? एका नजरेत त्यांना आपली चूक कळली, हे मी त्यांच्या मानेवरून ओळखलं. आता हे 'काही नाही, चुकून लागला' म्हणतील आणि फोन ठेवतील, म्हणून माझा जीव वरखाली व्हायला लागला. ठेवू नका सर, देवाशपथ ठेवू नका.

सरांनी पडद्याचं बटण दाबलं. समोर अंधार झाला. त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली, आमच्याकडे पाठ केली. त्या अंगणाची लांबी-रुंदी त्यांनी स्वतः फुटाफुटानं मोजून मॉडेलमध्ये भरली होती.

"पोरी," ते म्हणाले, "तुनं आंगन केवढं शे?"