जुन्या रॅमने चार्ज दिला नाही

आमच्या शाळेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला नवी रॅम बसवली, पण जुन्या रॅमने रीतसर कामाचा चार्ज दिलेला नसल्यामुळे कॉम्प्युटरने कामावर हजर व्हायला नकार दिला. रॅम म्हणजे कॉम्प्युटरची काम करतानाची आठवण, बोटभर लांबीची हिरवी पट्टी. जुनी पट्टी अकरा वर्षं नोकरीत होती. मी या शाळेत हेडक्लार्क आहे आणि चार्ज न देता निघून जाणाऱ्यांबद्दल माझं मत काही चांगलं नाही. माझ्या आधीचे क्लार्क एका शुक्रवारी संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदलून गेले ते गेलेच, आणि लोखंडी कपाटाची किल्ली कुठे आहे हे लोक अजून मला विचारतात. त्यामुळे कॉम्प्युटरचं म्हणणं मला पहिल्यापासून पटलं होतं. फक्त त्याने त्यासाठी दिवस फार वाईट निवडला.

ऑफिसबाहेरच्या बाकावर सकाळी दहापासून वैजयंता आवटे बसली होती. वय बेचाळीस. सव्वीस वर्षांपूर्वी ती याच शाळेत दहावीला होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिच्या आईला लकवा झाला आणि ती यायची बंद झाली. आता तिला बाहेरून दहावीला बसायचं होतं. त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म लागतो, फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि फॉर्म घ्यायची मुदत आज पाचपर्यंत, तीसुद्धा तालुक्याच्या केंद्रावर. तिच्या वेळचं रजिस्टर वाळवीने खाल्लं. खाण्याआधी मी ते कॉम्प्युटरमध्ये चढवून ठेवलं होतं, म्हणजे दाखला निघणार तो तिथूनच.

मागच्या वर्षीही ती आली होती. कामाच्या गडबडीत मी तिला "पुढच्या आठवड्यात या" म्हणून वाटेला लावलं आणि मुदत संपली. ते मला वर्षभर टोचत होतं. जुन्या रॅमवर कॉम्प्युटर एका दाखल्याला पाऊण तास घ्यायचा, म्हणून मीच मुख्याध्यापिका बाईंच्या मागे लागून ही नवी रॅम मंजूर करून घेतली होती. हौसेने करायला गेलो आणि हे झालं.

रॅम बसवायला बाजारातल्या दुकानातून अस्लम तांबोळी आला होता. त्याने बटण दाबलं. पंखा फिरला, शाळेचं बोधचिन्ह अर्धं दिसलं आणि पडद्यावर मजकूर आला: "नवीन रॅमने कोणाकडून कार्यभार स्वीकारला याचा अहवाल जोडलेला नाही. सादर करावा." अस्लमने पट्टी काढून तिची सोनेरी टोकं खोडरबराने घासली. शेजारच्या खाचेत लावून बघितली. आतला गोल सेल काढून पुन्हा बसवला. मजकूर तोच, फक्त वर 'स्मरणपत्र क्रमांक एक', मग 'दोन' असं वाढत गेलं. तिसऱ्या स्मरणपत्राला त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि मशीनमध्ये दोष नाही, हा तुमच्या ऑफिसचा मामला आहे, असं सांगितलं.

मी मुख्याध्यापिका मुल्हेरकर बाईंना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा लावून तिन्ही स्मरणपत्रं वाचली आणि जुनी रॅम सध्या कुठे आहे, असं विचारलं. अस्लमने ती शर्टाच्या खिशातून, पेनांच्या मधून काढली. बाईंना ते आवडलं नाही. अकरा वर्षं नोकरी केलेल्याला असं खिशात घालून नेतात का, असं त्या म्हणाल्या आणि पट्टी कोऱ्या कागदावर ठेवायला लावली.

चार्ज देताना देणारा आणि घेणारा शेजारी बसतात. कॉम्प्युटरमध्ये खाचा दोन होत्या, त्यामुळे ती सोय झाली. अस्लमने दोघी शेजारी शेजारी लावल्या, बटण दाबलं, आणि या वेळी चार्जयादीचा तक्ता उघडला. जुन्या रॅमने त्यात एकच ओळ भरली: "सुपूर्द करण्याजोगे काही नाही. संध्याकाळी बटण बंद झाले की माझ्याकडचे सगळे जाते."

कॉम्प्युटरने यादी परत केली. अकरा वर्षांच्या सेवेनंतर निरंक यादी संशयास्पद आहे, असा त्यावर शेरा होता.

मला त्या पट्टीची दया आली. अस्लमलाही आली असावी, कारण त्याने तिची बाजू घेऊन मला बरंच समजावलं. रॅमची घडणच तशी आहे, तिने काही लपवलेलं नाही, सगळ्या रॅमचं असंच असतं. मी ते खुलासा म्हणून टाइप केलं. खुलासा अमान्य झाला. एव्हाना दोन वाजून गेले होते, आणि तालुक्याला पोचायला, जीप भरेपर्यंतचा वेळ धरून, तासभर लागतो.

वैजयंता दारात येऊन उभी होती. आमचं बोलणं तिने ऐकलं होतं.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "रोज समदं पुसून जायचं, तरी सकाळी ती कामाला उभी राहायची ना? मग तेच लिहा की. माझ्या सासूला शेवटी शेवटी आमची नावंबी आठवत नव्हती, पण उठली की चूल पेटवायची."

बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी टाइप केलं: "बाब एक. काही आठवत नसताना सकाळी कामाला लागणे. नग एक. स्थिती चालू." जुन्या रॅमने 'दिले' असं नोंदवलं, नव्या रॅमने 'मिळाले' असं नोंदवलं, आणि कॉम्प्युटर सुरू झाला. वेगही चांगला होता. अस्लम झाकणाचे स्क्रू आवळायला लागला.

मी घाईघाईने वैजयंताचं नाव घातलं. तिची नोंद सापडली. शाळा सोडल्याची तारीख हा रकाना कोराच होता; तेव्हाच्या क्लार्कने तो भरला नव्हता, आणि ते तेच किल्लीवाले गृहस्थ. मी दाखल्याचं बटण दाबलं तेव्हा पडद्यावर प्रश्न आला: "दहावी ब, दुसरी रांग, खिडकीजवळची जागा विद्यार्थिनीने कोणाला सोपवली?"

तीन वाजायला वीस मिनिटं होती. मी तिला जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, की कुठल्याही मैत्रिणीचं नाव सांगा, मी घालतो, दाखला लगेच निघेल. नोकरीत मी असं कधी केलेलं नाही, पण त्या वेळी केलं असतं.

तिने पडद्यावरचा प्रश्न स्वतः वाचला.

"कुणाला न्हाई सोपवली," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी येणारच होते मी."

मी 'कोणालाही नाही' असं भरलं. उत्तर आलं: "जागेचा चार्ज दिलेला नसल्याने विद्यार्थिनीने शाळा सोडलेली नाही. सबब शाळा सोडल्याचा दाखला देता येत नाही."

मागच्या वर्षी मी आणि या वर्षी माझा कॉम्प्युटर, दोघांनी मिळून वैजयंताची दोन वर्षं घालवली, असंच मला वाटलं. तिने पिशवी खांद्याला लावली. तेवढ्यात बाईंनी मला मजकूर खाली सरकवायला सांगितला, कारण तो तिथे संपत नव्हता.

"नाव पटावर कायम. नियमित विद्यार्थिनीस सतरा नंबरच्या फॉर्मची आवश्यकता नाही. तिचा परीक्षेचा अर्ज शाळेने इतरांबरोबर पुढील महिन्यात भरावा. गैरहजेरीचे कारण विषयशिक्षकांनी विचारून घ्यावे."

बाईंनी ते दोनदा वाचलं. नियमात कुठे खोट काढता येते का, ते मीही बघितलं, खोट नव्हती. बाईंनी भिंतीवरचं वेळापत्रक बघितलं. दहावी ब ला सहावा तास भूगोलाचा होता आणि तो सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. त्यांनी वैजयंताला वर्गात जायला सांगितलं.

मी छापलेली सूचना घेऊन तिच्याबरोबर गेलो. भूगोलाचे साळवे सर तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील. तिने दाराबाहेर चपला काढल्या, पदर नीट केला आणि आत येऊ का, असं विचारलं. सरांनी माझ्या हातातला कागद घेऊन वाचला आणि तिच्याकडे वळले.

"उशीर का झाला?"

"घरी काम होतं, सर."

सरांनी हजेरीत खूण केली आणि तिला बसायला सांगितलं. दुसऱ्या रांगेत खिडकीजवळ बसलेली मुलगी आत सरकली आणि तिने पुस्तक दोघींच्या मधे ठेवलं.